नकाशाने वाटलेले पंथ

सावित्री पोलादपूरहून महाडकडे येते, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळून जाते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. नदीच्या या मुखाशी १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले पाद्री डोनाल्ड मिचेल आले आणि वर्ष सरायच्या आत वारले. मागून आलेल्या सहकाऱ्यांनी बाणकोट, हर्णै या भागात शाळा काढल्या. ही सोसायटी कोण्या एका चर्चची नव्हती. मायदेशी वेगवेगळ्या प्रेस्बिटेरियन गटांत विभागलेली माणसे परदेशातल्या कामासाठी तिच्यात एकत्र आली होती. म्हणजे आपल्या खाडीत ख्रिस्ती धर्माची जी प्रॉटेस्टंट शाखा उतरली, ती मुळात सहकार्याचीच होती.

हे फार काळ टिकले नाही. १८३५ मध्ये काम चर्च ऑफ स्कॉटलंडकडे सोपवले गेले आणि १८४३ मध्ये ते चर्चच दुभंगले. वाद होता तो गावचा पाळक कोणी नेमायचा याचा: जमीनदाराने की मंडळीने? स्कॉटलंडात हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता, यात शंका नाही. पण मुंबईच्या किंवा कोकणातल्या ख्रिस्ती माणसाला कोणता जमीनदार पाळक नेमून देणार होता? तरीही मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी नव्या फ्री चर्चच्या बाजूने गेले, आणि त्यापायी त्यांच्या शिक्षणसंस्थेसाठी उभी राहिलेली नवी इमारत त्यांना सोडावी लागली. विल्सन यांचा निर्णय तत्त्वाला धरून होता, आणि मी तो क्षुद्र मानत नाही. मात्र त्या तत्त्वाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना कोणी विचारले नव्हते.

‘ख्रिस्ती पंथांनी एकत्र यावे का?’ हा प्रश्न महाराष्ट्रात चर्चेला आला की बोलणे लगेच ईशज्ञानाकडे वळते: बाप्तिस्मा बाळाला द्यावा की समजत्या वयात, बिशप असावा की नसावा, प्रभुभोजनात भाकरीचे नेमके काय होते. हे प्रश्न खरे आहेत. पण आपल्याकडे बहुतेकांना पंथ मिळाला तो जिल्ह्यावरून. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते. नगर आणि सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाकडे. कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. नाशिक अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीकडे. नागपूर, जालना स्कॉटिश फ्री चर्चकडे. मागाहून डहाणूकडे चर्च ऑफ द ब्रेदरन. त्याच्याही आधी पोर्तुगिजांनी वसई आणि कोर्लई कॅथलिक केली होती. नाशिकचा माणूस बिशप मानू लागला आणि नगरचा मानत नव्हता. ऑग्सबर्ग किंवा वेस्टमिन्स्टरच्या पंथघोषणा वाचून यांपैकी कोणीच काही ठरवले नव्हते.

ही वाटणी म्हणजे सहकार्यच होते, असे म्हणता येईल. एकमेकांच्या माणसांना ओढायचे नाही, एका गावात दोन शाळा काढायच्या नाहीत, पैसा वाया घालवायचा नाही, हे सगळे शहाणपणाचे होते. नगर जिल्ह्यात एस.पी.जी. हे अँग्लिकन मिशन उतरले तेव्हा ते शहाणपण संपले आणि कोणाची मंडळी कोणाकडे यावरून कटुता आली. पण वाटणीने शांतता राखली, तरी मतभेद समोरासमोर बसून बोलण्याची गरजही तिनेच संपवली. शेजारी वेगळा पंथच नसेल तर भांडण नाही आणि समजूतही नाही.

ज्यांनी पंथ स्वतः विचार करून निवडला किंवा नाकारला, असे लोक थोडेच आहेत. त्यांत सगळ्यांत ठळक पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग तिथल्याच मठातल्या सिस्टर जेरल्डिन यांच्याशी पत्रांतून त्यांचा दीर्घ वाद चालला. त्रैक्य, चर्चचा अधिकार, कोणी कोणाला शिकवावे, असे सगळे विषय त्यात होते. रमाबाईंची भूमिका अशी की एका पुरोहितशाहीतून बाहेर पडून त्या दुसरीत शिरायला आलेल्या नाहीत. पुढे केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाला बांधले नाही. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी स्वतः केलेले मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंचे उदाहरण दोन्ही बाजूंना उपयोगी पडते, म्हणून जपून वापरावे लागते. पंथांच्या भिंती कृत्रिम आहेत म्हणणारे त्यांना पुढे करतात. पण रमाबाईंनी मतभेद झाकले नाहीत, उलट ते अक्षरशः शब्दाशब्दावर लढवले. ‘चला, सगळे सारखेच’ असे म्हणणाऱ्या सोयीस्कर एकीला त्यांनी हसून वाटेला लावले असते, असे मला वाटते.

कवी नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट काढली. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनच्या चौकटीबाहेर, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याची ही कल्पना होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पुढे वाढला नाही. त्यांचे अभंग आणि भजने मात्र पंथ न विचारता गायली जातात. समित्यांना जे जमले नाही ते पेटी-तबल्याने केले म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. एकच अभंग गाऊन लोक आपापल्या वेदीकडे जातात.

समित्यांचे काम तपासायचे तर नागपूरला जावे लागते. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियनांचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ही ती सहा. बाळाचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना मान्यता मिळाली. बिशप राहिले, पण मंडळीच्या सभांनाही अधिकार मिळाले. मतभेद मिटवण्याऐवजी त्यांना एका घरात जागा देण्याचा हा मोठा प्रयोग होता. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर मागे फिरले. त्यांना दोष देणे सोपे, पण जे पुढे घडले ते पाहता त्यांची सावधगिरी अगदीच निराधार नव्हती.

कारण विलीनीकरण झाले आणि मालमत्तेचे खटले उभे राहिले. गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की नुसत्या ठरावाने जुना ट्रस्ट नव्या चर्चमध्ये विरघळत नाही. कायद्याने सांगितलेली रीत पाळावी लागते. एकीच्या समर्थकांच्या हा निकाल जिव्हारी लागला, आणि तो लागणे साहजिक आहे. माझ्या मते त्यात एक न्याय्य गोष्टही होती. वरच्या सभेने हात वर केले म्हणून खालच्या मंडळीचे शतकभराचे अस्तित्व संपत नाही. १८४३ ला जी चूक झाली, तिच्याच उलट्या बाजूचे रूप म्हणजे हे विलीनीकरण होते. तेव्हा दूरच्या सभेने तोडले, १९७० ला दूरच्या सभेने जोडले.

कॅथलिक चर्चशी असलेले अंतर निराळे आहे आणि ते लपवून उपयोग नाही. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याचा हुकूमनामा मंजूर केला आणि पुढच्याच महिन्यात पोप पॉल सहावे मुंबईला आले. तेव्हापासून जानेवारीतला ऐक्य-प्रार्थनेचा सप्ताह, एकमेकांच्या धर्मगुरूंना निमंत्रणे, हे रुळले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ प्रॉटेस्टंट घरांतही वाचता येते, त्यात कोणाला अडचण नाही. पण मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्याची वेळ आली की मिश्र विवाहातले एक जण जागेवरून उठते आणि दुसरे बसून राहते. कॅथलिक म्हणतात, आधी विश्वास एक होऊ द्या, मग ताट एक. प्रॉटेस्टंटांतले बरेच म्हणतात, ताटावर बसल्यानेच विश्वास एक होईल. दोन्ही बाजूंना आधार आहे. बाहेरच्या कोणी, आणि माझ्यासारख्या संपादकाने तर नाहीच, इथे तडजोड सुचवू नये.

जिथे ईशज्ञानाचा संबंधच येत नाही, तिथले वेगळेपण मात्र मला असमर्थनीय वाटते. महाडमध्ये बसून हे लिहिताना १९२७ चा चवदार तळ्यावरचा दलितांचा पाण्यासाठीचा सत्याग्रह डोळ्यांआड करता येत नाही. दलित ख्रिस्तींना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या. दलित ख्रिस्तींनाही त्या मिळाव्यात या मागणीसाठी कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपुरात मुख्यालय असलेली राष्ट्रीय चर्च परिषद दरवर्षी १० ऑगस्टला एकत्र निषेध दिन पाळतात. मागणीच्या विरोधातही युक्तिवाद आहेत. जात न मानणाऱ्या धर्मात जातीची सवलत कशी, हा त्यांतला वजनदार. २०२२ मध्ये नेमलेल्या बालकृष्णन आयोगाकडे तेच तपासण्याचे काम सोपवले गेले. सरकारकडे मात्र सगळे पंथ एका अर्जाने जातात, आणि आपल्याच मंडळीतल्या जातिभेदावर एकत्र बसायला तितकी घाई दिसत नाही. हा हिशेब पंथांनी आधी चुकता करावा.

दफनभूमीचेही तसेच. मुंबईच्या शिवडीत एकाच आवारात निरनिराळ्या पंथांची माणसे दीडशे वर्षे पुरली जात आहेत. आतल्या रायगडात ख्रिस्ती वस्ती तुरळक, आणि कारखान्यांमुळे बाहेरून आलेली कुटुंबे वेगवेगळ्या परंपरांची. चार घरांनी चार जागा मागितल्या तर ग्रामपंचायत एकही देणार नाही. एकच ट्रस्ट करावा, सर्व पंथांचे प्रतिनिधी विश्वस्त घ्यावेत, विधी ज्याचा त्याने करावा. आणि १९७० नंतरच्या खटल्यांपासून एवढे शिकावे की उद्या एखादा पंथ बाहेर पडला तर जागेचे काय, हे कलम सगळे गोडीत असतानाच, वकिलाकडून, ट्रस्टच्या दस्तात लिहून घ्यावे.