काटा, सूज आणि शिरेची भिंत

तलासरीच्या पाड्यावर भातलावणीत पायात काटा मोडला, की संध्याकाळपर्यंत ती जागा लाल, गरम, ठणकणारी. पांढऱ्या पेशींची कुमक तिथे पोहोचलेली असते. या अंकाचा विषय तीच सूज.

रक्ताच्या धारेत वाहणाऱ्या पेशीला नेमक्या ठिकाणी थांबवतं कोण? तिथल्या बारीक शिरेचं अस्तर. त्यावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. पेशी त्यांना अडखळत घरंगळते, इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी घट्ट चिकटते, चपटी होते आणि बहुतेकदा अस्तरातल्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. युलियस कोनहाइमने १८६७ मध्ये बेडकावरच्या प्रयोगातून ही वाट दाखवली.

सिकलसेलमध्ये मात्र हीच सोय उलटते. डहाणू-तलासरीच्या आदिवासी कुटुंबांना हा आजार परका नाही. भिंतीला धरून बसलेल्या पांढऱ्या पेशींत विळ्यासारख्या तांबड्या पेशी अडकतात, वाट तुंबते, हाडांतून कळ उठते. सिलेक्टिनला अडवणारं क्रिझानलिझुमॅब हे औषध अमेरिकेने २०१९ मध्ये मंजूर केलं. युरोपने २०२३ मध्ये मंजुरी मागे घेतली. जुनी हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र टिकून आहे. ती गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते, वर पांढऱ्या पेशीही घटवते. फक्त ती रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासत.