चामड्याची जीभ

सोळाव्या शतकाच्या मध्यास स्पेनमधील ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन या साधूने वेलास्को या सरदारघराण्यातील जन्मबधिर मुलांना बोलावयास शिकविले, येथूनच आपल्या व्यवसायाचा इतिहास बहुधा सांगितला जातो. परंतु त्याच्या कीर्तीचे दाखले दफ्तरांत मिळत असले, तरी त्याची रीत मात्र सविस्तर अशी उपलब्ध नाही. ही विद्या ग्रंथरूपाने प्रथम छापली गेली ती १६२० साली माद्रिदमध्ये, आणि तीही त्याच घराण्याचा चिटणीस हुआन पाब्लो बोनेत याच्या नावावर. घरातील बधिर मुलाला प्रत्यक्ष शिकविणाऱ्या रामिरेझ दे कार्रियोनचा उल्लेखही ग्रंथात नाही, हे बोनेतचे वैगुण्य खरेच. तथापि, ज्याने छापले त्याचेच आपण ऋणी आहोत, असे आमचे मत आहे.

कारण बोनेत अगदी हातच्या गोष्टी सांगतो. शिष्याला मुखाचा अंतर्भाग दिसेल एवढ्या उजेडात बसावे. अक्षरांची रूढ नावे बाजूस ठेवून केवळ ध्वनीच शिकवावा. आणि वारंवार तोंडात बोटे घालण्यापेक्षा चामड्याची एक जीभ करून, ती हाताने वाकवून, खऱ्या जिभेने कोठे टेकावे हे दाखवावे. (आपल्या वर्णमालेत नावांची अडचण नाही, हे खरे; पण ‘क’मधला ‘अ’ मुलाच्या उच्चाराला कसा चिकटून राहतो, हे वर्गात उभे राहिलेल्यास सांगावयास नको.) पुढे १६९२ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आमान या वैद्याने आरसा आणि कंठावर ठेवलेला हात यांची रीत तशीच उघड केली.

उलट लाइपझिगच्या हाइनिकेने स्वर मनात ठसविण्यासाठी व्हिनेगर, साखरपाणी, कडू अर्क अशा चवी जिभेवर देण्याची आपली युक्ती गुपित राखली, आणि ब्रिटनमधील ब्रेडवुड कुटुंबाने तर विद्येची मिरासदारीच केली. अमेरिकेहून १८१५ साली आलेल्या गॅलॉडेटला त्यांच्या गुप्ततेच्या अटी पटल्या नाहीत. तो पॅरिसला गेला, तेथील खुणांची पद्धत आणि लोरां क्लेर हा बधिर अध्यापक घेऊन परतला, आणि १८१७ साली हार्टफर्डची शाळा खुणांवर उभी राहिली. त्यात त्या मुलांचे काही बिघडले, असे म्हणावयास आमच्यापाशी आधार नाही. वाचापद्धतीच्या मिरासदारांनी मात्र एक खंड गमावला.

ट, ड, ण यांसाठी जीभ मागे वळते ती आरशात नीट दिसत नाही. तेथे चामड्याची, रबराची वा अन्य कसली जीभ कोणी वापरून पाहिली असल्यास सविस्तर कळवावे. प्रयोग फसलेला असला, तरी या पृष्ठांत त्यास जागा मिळेल.