फुगवट्याचे आकारमान आणि त्याची घडण

मेंदूच्या तळाशी त्यास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचे एक कडे असते. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले, आणि ते कडे आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. या कड्यावर, विशेषतः जेथे एका रोहिणीला शाखा फुटतात तेथे, भित्तीचा दुर्बळ झालेला भाग कधी कधी फुग्यासारखा बाहेर येतो. यास रोहिणीविस्फार म्हणतात. प्रौढांपैकी शेकडा सुमारे तिघांना असा विस्फार असतो आणि त्यांतील बहुतेकांना जन्मभर त्याची वार्ताही नसते. परंतु तो फुटला म्हणजे मेंदूच्या आवरणांखाली रक्त पसरते, अकस्मात असह्य डोकेदुखी उद्भवते आणि अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात.

दुसऱ्याच कारणासाठी घेतलेल्या चित्रात असा न फुटलेला विस्फार आढळला, तर काय करावे? वॉल्टर डँडी याने १९३७ साली विस्फाराच्या मानेवर धातूची चिमटी बसवून तो बंद केला. १९९० नंतर रोहिणीतून बारीक नळी नेऊन आत प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरण्याची रीत आली. पण या उपायांतही पक्षाघाताचा, क्वचित मृत्यूचा धोका आहे. तेव्हा कोणता विस्फार फुटेल आणि कोणता निमूट राहील, हे आधी ओळखणे हाच खरा प्रश्न होय.

आजवर या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे आकारमानावरून दिले गेले. त्यास आधारही आहे. रक्तदाब तोच असता पोकळीची त्रिज्या वाढली की भित्तीवरील ताण वाढतो, हा लाप्लासचा नियम विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत, पूर्वी रक्तस्राव न झालेल्या व्यक्तींतील १० मिलिमीटरहून लहान विस्फार फुटण्याचे प्रमाण वर्षाला अवघे ०.०५ टक्के आढळले. तथापि रुग्णालयात येणाऱ्या फुटलेल्या विस्फारांत लहानच पुष्कळ असतात. लहान विस्फार संख्येनेच फार अधिक, हे याचे एक कारण आहे. पण केवळ तेवढ्याने समाधान होत नाही. आकारमान सारखे असूनही दोन विस्फारांचे भवितव्य निरनिराळे का होते, हे त्यातून उलगडत नाही.

येथे घडणीचा विचार आवश्यक ठरतो. २०१२ साली जपानमध्ये ५,७२० व्यक्तींतील ६,६९७ विस्फारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फुटण्याचे सरासरी प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के दिसले. मात्र ज्यांच्या अंगावर आणखी एक लहानसा उंचवटा होता, त्यांचा धोका इतरांच्या सुमारे १.६ पट होता. विस्फाराची खोली त्याच्या मुखाच्या रुंदीच्या मानाने अधिक असणे, हेही फुटलेल्या विस्फारांत वारंवार आढळले आहे.

घडणीचा आणि प्रवाहाचा संबंध नदीवरून ध्यानी येईल. वळणावर पाण्याचा लोट काठावर आदळून तो कोरतो. खोल डोहात तेच पाणी मंद फिरत राहते. त्याचप्रमाणे रुंद मुखाच्या उथळ विस्फारात रक्त सहज येते-जाते; अरुंद मुखाच्या खोल विस्फारात ते तळाशी रेंगाळते. रक्ताच्या घर्षणाने भित्तीच्या अस्तरावर जो ताण येतो, तो अति वाढला तरी अपाय करतो आणि अति घटला तरीही. पहिल्या स्थितीत भित्ती झिजून पातळ होते. दुसऱ्या स्थितीत अस्तरातील पेशी बिघडतात, दाह होतो आणि भित्ती आतून कुजते, असे अनेक संशोधक मानतात. भित्ती ही रबराची नव्हे, जिवंत आहे, हे विसरता कामा नये.

आता संगणकावर प्रत्येक रुग्णाच्या विस्फारातील प्रवाहाचे गणित मांडता येते. ते गणित मोहक आहे, परंतु त्यालाच न्यायाधीश नेमणे आज घाईचे होईल, असे आमचे मत आहे. त्यात भित्ती बहुधा ताठर मानलेली असते आणि तिची जाडी चित्रात नीट दिसत नाही. शिवाय पुष्कळ अभ्यासांत आधीच फुटलेल्या विस्फारांची न फुटलेल्यांशी तुलना केलेली असते, आणि फुटताना आकार बदलत असेल तर परिणामालाच कारण समजण्याची चूक घडेल.

म्हणून आज घडणीला निर्णयात स्थान द्यावे, प्रवाहाच्या गणिताला संशोधनात द्यावे, आणि न फुटलेल्या विस्फारांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी. २०१४ साली तयार झालेल्या धोकामापनाच्या कोष्टकात जपानी व फिन्निश लोकांचा वेगळा विचार आहे. भारतीयांसाठी वेगळे स्थान नाही. ही उणीव आपणच भरून काढावयास हवी. तोपर्यंत रक्तदाब आटोक्यात ठेवणे व धूम्रपान सोडणे, हे दोन उपाय कोणत्याही गणिताची वाट न पाहता प्रत्येकास करता येण्याजोगे आहेत.