दयेची धाव आणि हक्काची मागणी

थंडीचे दिवस सुरू झाले की रविवारी पहाटे शहरांतील रस्त्यांवर धावणाऱ्यांची गर्दी दिसू लागते. मुंबई-पुण्यापुरते मर्यादित असलेले हे लोण आता वऱ्हाडातही पोचले आहे. यांतील काही धावा कर्करुग्णांच्या मदतीसाठी असतात. प्रवेशशुल्क भरावे, छातीवर क्रमांक लावावा, पाच-दहा किलोमीटर धावावे किंवा चालावे, आणि जमलेला निधी रुग्णांच्या उपचारासाठी द्यावा, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. अशा धावांत पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भाग घ्यावा की नाही, असा प्रश्न अमरावती आणि अकोला येथील काही तरुण साथींनी उपस्थित केला आहे. एका गटाला हा सुखवस्तू लोकांचा रविवारचा विरंगुळा वाटतो. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, मरणाशी झुंजणाऱ्या माणसाला चार पैसे मिळत असतील तर तात्त्विक काथ्याकूट कशासाठी? दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि म्हणूनच प्रश्न गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे.

कर्करोगासाठी धावण्याची ही प्रथा जगभर पसरली ती टेरी फॉक्स या कॅनडातील तरुणामुळे. हाडाच्या कर्करोगामुळे 1977 साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात त्याने आपल्याहून लहान मुलांचे हाल पाहिले. 12 एप्रिल 1980 रोजी तो कृत्रिम पायावर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे धावत निघाला. रोज जवळजवळ 42 किलोमीटर, असे 143 दिवस तो धावला. 5,373 किलोमीटर अंतर काटल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याचे निष्पन्न झाले आणि त्याला थांबावे लागले. जून 1981 मध्ये तो वारला. परंतु देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा ही त्याची इच्छा त्याच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्याच्या नावाने जगात ठिकठिकाणी धावा होऊ लागल्या. अशा माणसापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. दयाबुद्धीची टवाळी करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे.

मात्र या कथेची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. टेरीने पैसा मागितला तो संशोधनासाठी. रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी त्याला धावावे लागले नाही. त्याच्या देशात उपचाराचा खर्च सार्वजनिक विम्याने आधीच उचलला होता, आणि ही व्यवस्था उभी राहिली ती एका समाजवादी पक्षाच्या प्रयत्नाने. टॉमी डग्लस हे त्या पक्षाचे नेते. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला दुखणे जडले होते. वडिलांपाशी पैसा नव्हता आणि पाय कापण्याची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी या अटीवर, विनामूल्य उपचार केले आणि पाय वाचला. डग्लस त्या डॉक्टरांचे उपकार कधी विसरले नाहीत. परंतु मुलाचा पाय राहतो की जातो हे एखाद्या सज्जनाच्या मर्जीवर अवलंबून असू नये, असा निष्कर्ष त्यांनी त्या अनुभवातून काढला. सस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी 1947 साली रुग्णालय विमा आणला. 1962 साली तेथे सर्वांसाठी वैद्यकीय विमा लागू झाला तेव्हा डॉक्टरांनी 23 दिवस संप केला, तरी सरकार नमले नाही. पुढे 1966 साली सबंध देशाने त्याच धर्तीचा कायदा केला. हा पाया आधी घातला गेला होता, म्हणून टेरीच्या धावेतील प्रत्येक डॉलर पुढच्या पिढीच्या उपचारांचा शोध घेण्यास मोकळा राहिला.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. येथे संशोधनासाठी नव्हे, तर केमोथेरपीच्या पुढच्या खेपेसाठी वर्गणी गोळा करावी लागते. विदर्भ एक्सप्रेस रात्री बडनेरा आणि अकोला स्थानकांवर थांबते तेव्हा हातात तपासण्यांच्या फाइली घेतलेली, दादरला उतरून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचार आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. शेतमजुराने सुमारे सहाशे किलोमीटर दूर जाऊन दीड महिना राहायचे म्हणजे त्याची मजुरी बुडते, सोबत्याची बुडते, आणि खोलीचे भाडे व जेवण अंगावर पडते. शासनाच्या जीवनदायी योजनेचा आरंभ 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत झाला त्यांत अमरावती होता. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत रुग्णालयाचे बिल भागू शकते. बुडालेली मजुरी, मुंबईचे भाडे आणि निदानापूर्वी खासगी दवाखान्यांत झालेला खर्च मात्र कुटुंबावरच राहतो. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली, आणि सरकारांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत तो अडीच टक्के करण्याचे अभिवचन दिले होते. ही तूट कितीही धावून भरून निघणारी नाही.

दानाच्या अर्थकारणाची आणखी एक मर्यादा आहे. दान दात्याच्या मनाजोगे वाहते. ज्या रुग्णाचे छायाचित्र हृदय हेलावते त्याला ते मिळते, आणि मेळघाटच्या पाड्यावर निदानाशिवाय मरणाऱ्या बाईपर्यंत ते पोचत नाही. वास्तविक तिच्यासाठी लागणारा खर्च अत्यल्प आहे. टाटा रुग्णालयाने मुंबईतील गरीब वस्त्यांत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला प्रयोग कार्यकर्त्यांनी समजून घ्यावा. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, साध्या सौम्य ॲसेटिक आम्लाच्या, म्हणजे व्हिनेगरच्या साहाय्याने गर्भाशयमुखाची तपासणी करण्यात आली. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले. यासाठी संगमरवरी इमारत लागत नाही. उपकेंद्रात प्रशिक्षित परिचारिका, ठरलेला वार आणि दोष आढळल्यास पुढे पाठविण्याची खात्रीची सोय एवढेच लागते. परंतु अशा कामाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून त्याला प्रायोजकही मिळत नाही. ते शासनानेच करावयाचे असते.

याचा अर्थ धावू नये असा नाही. वऱ्हाडला दानाची थोर परंपरा आहे. कर्करोगानेच 1968 साली देह ठेवलेल्या तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करुग्णालय नागपुरात उभे आहे. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही परगावच्या कर्करुग्णांना आसरा देते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने लोकांकडून लाखो रुपये घेतले आणि स्वतःसाठी गाडग्यापलीकडे काही ठेवले नाही. मात्र बाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नांची सरबत्ती असे. मुलाला शाळेत का घालत नाही, कर्ज काढून सण का करता, बोकड का कापता? त्यांनी दान स्वीकारले आणि त्याच मंडपात समाजाला जाबही विचारला. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला मत, फावडे आणि तुरुंग ही तीन साधने सांगितली तीही याच जाणिवेने. धाव हे फावड्याचे काम आहे. ते करावे, पण बाकीची दोन साधने घरी ठेवून नव्हे.

म्हणून आमचे साथींना सांगणे असे आहे. धावेत जरूर सामील व्हा आणि प्रवेशशुल्क भरा. त्याचबरोबर जमलेल्या रकमेपैकी शर्ट, पदके, फलक यांवर किती गेले आणि रुग्णापर्यंत किती पोचले, याचा हिशेब जाहीर करण्याची संयोजकांना नम्र विनंती करा. प्रामाणिक संयोजक त्याचे स्वागतच करतील. दुसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत कर्करोगतज्ज्ञांची किती पदे मंजूर आहेत व किती भरली आहेत, तीस वर्षांवरील किती स्त्री-पुरुषांची तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी झाली, आणि संशयितांपैकी किती जण उपचारापर्यंत पोचले, हे विचारा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे कायद्याने बंधन आहे. उच्च न्यायालयाने मान्य केलेली ती योजना 2006 पासून लागू आहे. त्या खाटा कोणाला मिळतात ते पाहा. रेल्वेच्या स्लीपर वर्गात कर्करुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला पाऊण भाड्याची सवलत आहे, हेही कित्येकांना ठाऊक नसते. त्याचा अर्ज भरून देणे हे सभेतील भाषणाइतकेच पक्षकार्य होय.

शेवटी एक कटू गोष्ट. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. आपल्या भागात तर खर्रा हा पाहुणचाराचा भाग होऊन बसला आहे. उपाशीपोटी राबणारा मजूर भूक मारण्यासाठी तो चघळतो, तेव्हा त्याला उपदेश करण्याआधी त्याच्या मजुरीबद्दल बोलले पाहिजे. पण आमच्या शिबिरांत, चर्चेच्या मधल्या वेळात, कार्यकर्त्यांच्याच खिशांतून खर्र्याच्या पुड्या निघतात, तेथे मजुरीचे कारण पुढे करता येणार नाही. येत्या रविवारी धावायला जाणाऱ्या साथींनी ती पुडी आधी टाकावी, आणि सोमवारी माहितीचा अर्ज घेऊन जिल्हा रुग्णालयात हजर व्हावे. त्या अर्जाला उत्तर काय मिळाले, ते या साप्ताहिकाकडे कळवावे. आम्ही ते छापू.