मोबाइल आणि एसी एकाच रांगेत: गरज कोणती, चैन कोणती हे ठरवतं कोण?

अन्न, वस्त्र, निवारा म्हणजे गरज आणि बाकी सगळी हौस, असं आपण शाळेत शिकलो. पण ही रेघ सरकारही ओढतं, आणि ती तुमच्या बिलावर जीएसटीच्या रकान्यात दिसते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे मुख्य दर दोनच उरले, ५ आणि १८ टक्के. चैनीच्या आणि अपायकारक ठरवलेल्या काही वस्तूंसाठी ४० टक्के. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा कर शून्य झाला. एसी २८ वरून १८ वर उतरला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला १८ टक्के, त्यापुढे थेट ४०. आता ३५० सीसीची गाडी गरजेची आणि तिच्यापेक्षा थोडी मोठी चैनीची कशी, हे दुकानदारही सांगू शकणार नाही!

मोबाइल मात्र जिथे होता तिथेच राहिला, १८ टक्क्यांवर. म्हणजे एसीच्या शेजारी.

हा दर आला कुठून?

जीएसटी सुरू झाला तेव्हा मोबाइलवर १२ टक्के कर होता. तो १ एप्रिल २०२० पासून १८ झाला. कारण हिशेबाचं होतं: सुट्या भागांवर जास्त आणि तयार फोनवर कमी कर असल्याने कंपन्यांचा परतावा अडकत होता. निर्णय मार्चच्या मध्यात झाला, लॉकडाऊनच्या आधी. पण दर लागू झाला तेव्हा शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर सरकू लागले होते.

आज तर सरकारी कामंच फोनवर आहेत. ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने ॲपवरून, पिकाचा फोटो काढून करायची. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी ओटीपी मोबाइलवर येतो. सरकारच जी वस्तू हातात असल्याचं गृहीत धरतं, तिला हौस कसं म्हणायचं? करासह १० हजारांच्या फोनमध्ये सुमारे १,५२५ रुपये कराचे असतात. दर ५ टक्के केला आणि फायदा ग्राहकापर्यंत पोहोचला, तर तोच फोन साधारण ८,९०० रुपयांना पडेल.

लाखभर रुपयांच्या फोनलाही मग तीच सवलत द्यायची का, हा प्रश्न रास्त आहे. पण किमतीनुसार वेगळा दर लावता येतो. सिनेमाच्या तिकिटाला १०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहेच.

आणि दर बदलतातही. २०१७ मध्ये कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त होत्या, तर सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. देशभर आवाज उठला आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. हे दर जीएसटी परिषद ठरवते. तिथे मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राकडे आणि दोन तृतीयांश राज्यांकडे असतं. महाराष्ट्राचा मंत्रीही त्या बैठकीत बसतो.