सीमेपलीकडचा फोन आणि स्पर्धेची मर्यादा

जर्मनीतील फ्रायबुर्गहून आगगाडीने इटलीतील मिलानकडे निघालेला प्रवासी एका दिवसात तीन देशांतून जातो. जर्मनीत त्याच्या मोबाइल फोनला जो दर लागतो तोच इटलीत लागतो. मधल्या स्वित्झर्लंडमध्ये मात्र तोच दर मिळेल याची कायद्याने हमी नाही. वस्तुतः मनोरे सारखे, यंत्रे सारखी आणि फोनही तोच. फरक इतकाच की, स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही आणि संघाचा रोमिंगविषयक नियम तेथे लागू होत नाही. परदेशातील फोनचा दर अंतरावर किंवा खर्चावर नव्हे, तर राज्याराज्यांतील करारांवर अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यातील विसंगती मोठी आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये युरोपातील १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी कोपनहेगन येथे एका सामायिक मोबाइल पद्धतीचा करार केला, तो मुळी एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालावा म्हणूनच. ‘जीएसएम’ या नावाने ती पद्धत पुढे जगभर पसरली. १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटन येथील कंपन्यांमध्ये पहिला रोमिंग करार झाला. तंत्राने सीमा पुसली. पण दराची भिंत युरोपात त्यानंतर पाव शतक उभी राहिली.

ती स्पर्धेने का पडली नाही? अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर कठीण नाही. ग्राहक आपल्या देशातील कंपनी पारखून निवडतो, पण परदेशात त्याचा फोन कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर चालावा हे बहुधा त्या दोन कंपन्यांच्या आपसातील करारानेच ठरते. परदेशी कंपनी देशी कंपनीकडून घाऊक दर घेते आणि देशी कंपनी त्यावर आपला नफा चढवून ग्राहकाला बिल देते. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या सेवेचा दर पाहून कोणी बारा महिन्यांची कंपनी बदलत नाही. ज्याला निवडीचा अधिकार आहे त्याला पैसे मोजावे लागत नाहीत आणि जो पैसे मोजतो त्याला निवड नाही, अशा बाजारात स्पर्धा नावापुरतीच उरते.

म्हणूनच युरोपीय संघाला कायद्याचा मार्ग धरावा लागला. २००७ मध्ये परदेशातून केलेल्या फोनवर मिनिटाला ४९ सेंटची कमाल मर्यादा आली. २०१२ मध्ये इंटरनेट वापरावर दर मेगाबाइटला ७० सेंटची, तर २०१४ मध्ये २० सेंटची मर्यादा घालण्यात आली आणि १५ जून २०१७ पासून सामान्य प्रवाशाला लागणारा जादा आकार संपला. ही तरतूद आता २०३२ पर्यंत वाढविण्यात आली आहे.

या धोरणावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. ग्रीस किंवा स्पेनसारख्या देशांत उन्हाळ्यात परदेशी प्रवाशांचा लोंढा येतो. त्यांच्यासाठी वाढविलेल्या जाळ्याचा खर्च तेथील कंपन्यांनी सोसायचा आणि अखेरीस तो स्थानिक ग्राहकाच्या माथी मारायचा, हा न्याय नव्हे. म्हणूनच कायद्याने घाऊक दर रद्द केले नाहीत; त्यांना मर्यादा घातली. एका गिगाबाइटची ही मर्यादा २०१७ मध्ये ७.७० युरो होती, २०२२ मध्ये २ युरो झाली आणि २०२७ मध्ये ती १ युरोवर यायची आहे. शिवाय स्वस्त देशातील सिमकार्ड कायमचे महाग देशात वापरणाऱ्यांवर ‘वाजवी वापरा’चे बंधन ठेवले. नियमन म्हणजे फुकटेगिरी नव्हे, हे यातून दिसते.

उलट बाजूचा दाखला ब्रिटनने दिला. संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि कायद्याचे बंधन सुटले. पुढच्या दोन-तीन वर्षांत तेथील काही मोठ्या कंपन्यांनी युरोपातील वापरावर पुन्हा दैनिक आकार लावला. सेवा पुरविण्याचा खर्च त्या मुहूर्तावर वाढला नव्हता; उठला होता तो फक्त अंकुश.

भारतातही एके काळी कोल्हापूरचा फोन बेळगावात गेला की आलेल्या फोनचेही पैसे पडत. ती पद्धत २०१६-१७ च्या सुमारास प्रामुख्याने स्पर्धेच्या रेट्याने संपली. याचे कारण असे की, मोठ्या कंपन्यांची जाळी बहुतेक राज्यांत पसरलेली होती आणि घाऊक दर त्या स्वतःलाच देत होत्या. देशाच्या सीमेपलीकडे ही स्थिती नाही. भारतीय नागरिकाला नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. पण रक्सौल ओलांडून वीरगंजला पोहोचताच त्याचा फोन परका होतो. स्थानिक सिमकार्ड घ्यावे हा सल्ला सोपा खरा. परंतु बँकेचा ओटीपी येतो तो जुन्याच क्रमांकावर, आणि घरच्यांनाही तोच ठाऊक असतो.

हा श्रीमंत पर्यटकाचा प्रश्न आहे असे मानणे चूक ठरेल. अधिकाऱ्याचे बिल त्याची कंपनी भरते. झळ लागते ती पशुपतिनाथाच्या यात्रेकरूला, शेजारी देशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आणि रत्नागिरीच्या आंबा बागांतून राखण करून हंगामानंतर गावी परतणाऱ्या नेपाळी कामगाराला.

युरोपाला जमले ते धनिक म्हणून, हा युक्तिवादही टिकत नाही. केनिया, युगांडा, रवांडा आणि दक्षिण सुदान या देशांनी २०१४ मध्ये सामायिक क्षेत्राची योजना स्वीकारून परस्परांच्या देशांत येणाऱ्या फोनवरील आकार काढला. सार्क संघटना १९८५ मध्ये स्थापन झाली. तिची शिखर परिषद मात्र २०१४ नंतर भरलेली नाही. ती भरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. भारत, नेपाळ आणि भूतान यांनी घाऊक दराची मर्यादा ठरवून आरंभ करावा. ज्या सीमेवर माणसाला अडविले जात नाही, तेथे त्याच्या आवाजावर जकात असू नये.