फासा आणि विसरा?

"सगळ्यात जास्त तांबं असलेला डबा घे, दोन जाड हात मार आणि दोन वर्षं विसरून जा." शिडाच्या होडीच्या तळाला कुठला रंग लावू असं धक्क्यावर विचारा, दहातले आठ जण हेच सांगतील. माझ्या मते हा सल्ला नाहीच, हा आळस आहे. आणि त्याचं बिल आपण खुशाल समुद्राच्या नावावर फाडतो.

ज्यांचा होडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खाऱ्या पाण्यात काहीही बुडवून ठेवलं की आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग सिमेंटने चिकटवल्यासारखे बार्नॅकल. होडी जड होते, वळेनाशी होते. म्हणून पाण्याखालच्या भागाला अँटिफाउलिंग रंग लावतात. 'रंग' हे नुसतं म्हणायला, खरं तर ते हळूहळू झिरपणारं विष आहे. हल्लीच्या बहुतेक डब्यांत हे विष म्हणजे तांब्याचं ऑक्साइड.

आता जरा हिशोब करू, कारण भावनेपेक्षा मला तो बरा जमतो. कॅलिफोर्नियात जुलै २०१८ पासून हौशी होड्यांच्या रंगातून झिरपणाऱ्या तांब्यावर मर्यादा आहे: दर चौरस सेंटिमीटरला दिवसाला ९.५ मायक्रोग्रॅम. ३५ फुटी होडीचा बुडालेला भाग २५ चौरस मीटर धरा. या मर्यादेने दिवसाला सुमारे २.४ ग्रॅम आणि वर्षाला पाऊण किलोच्या वर तांबं पाण्यात जातं. तेही कायद्यात बसून! तिथल्या खाऱ्या पाण्यात विरघळलेल्या तांब्याची दीर्घकालीन मर्यादा आहे लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे एकटी होडी रोज साडेसात लाख लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवू शकते. होडी महिनाभर जागची हलली नाही तरीही.

"माझ्या एका होडीने काय होणार?" हे ठरलेलं उत्तर. सॅन डिएगोच्या शेल्टर आयलंड बेसिनमध्ये असंच म्हणणाऱ्या दोन हजारांवर होड्या आहेत. २००५ साली तिथल्या जलनियंत्रण मंडळाने हिशोब मांडला, तेव्हा पाण्यात येणाऱ्या तांब्यापैकी ९८ टक्के होड्यांच्या तळांच्या रंगातून येत होतं. ना कारखाना, ना गटार. सगळे आपणच!

आणि हे काही पहिल्यांदा घडत नाहिये. तांब्याआधी 'टीबीटी' नावाचं कथिलाचं संयुग होतं. अत्यंत गुणकारी, सगळे खूष. मग फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत कालवांची पिल्लं धरेनात, मोठ्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरखालच्या होड्यांवर टीबीटी बंद केलं, तेव्हा कुठे खाडी सावरली. जगभरच्या जहाजांवर बंदी यायला मात्र २००८ उजाडलं. सायब्युट्रिन या शेवाळनाशकावरची आंतरराष्ट्रीय बंदी २०२३ पासूनची. दरवेळी नवं विष आणतो, दरवेळी म्हणतो हे सुरक्षित आहे.

यावर एक आक्षेप मात्र रास्त आहे. घाण तळाची होडी एका बंदरातले जीव दुसऱ्या बंदरात नेऊन सोडते, आणि परके जीव म्हणजे वेगळीच आफत. मान्य. पण हा मुद्दा लांबवर फिरणाऱ्या होड्यांचा. महिन्यातून एकदा खाडीत चक्कर मारणाऱ्याने तो पुढे करू नये.

मग करायचं काय? आधी आपली होडी कशी वापरली जाते ते पाहा, डबा नंतर. दर आठवड्याला पाणी कापणाऱ्या होडीला झिजणारा रंग बरा. खालचा हात वेगळ्या रंगाचा द्या. तो दिसू लागला की वरचा संपला असं समजा. बिनपैशाचा अलार्म! कडक रंगाची झीज होत नाही, जुने थर साठत जातात आणि शेवटी घासून काढावे लागतात. ती धूळही विषारीच, तेव्हा कोरडं घासू नका, तोंडाला मास्क लावा, खाली ताडपत्री घाला. झिजणाऱ्या रंगावर काथ्याने रगडलंत तर रंगच पाण्यात जातो, मऊ फडकं पुरतं. जस्ताच्या अॅनोडवर रंग लावायचा नाही. आणि अॅल्युमिनियमच्या होडीवर तांब्याचा रंग लावायचाच नाही, दोन धातू खाऱ्या पाण्यात भेटले की होडीच कुरतडली जाते.

सगळ्यात उत्तम म्हणजे होडी पाण्याबाहेर ठेवता आली तर. ट्रेलरवर राहणाऱ्या छोट्या होडीला हे विष लागतच नाही. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तेव्हा तळाला चिकटलेलं सगळं वाळून मरतं. थेंबभर तांबं न लावता.

आमच्या धंद्यात 'एकदा बसवा आणि विसरा' म्हणून विकलेली प्रत्येक गोष्ट शेवटी कुणाला तरी रात्री दोनला उठून निस्तरावी लागते. इथे निस्तरणारं कुणी नाही, फक्त कालवं आहेत. त्यांना तक्रार नोंदवता येत नाही.

असो. पुढचा डबा उघडण्याआधी वरचा गुणाकार आपल्या होडीसाठी एकदा करून बघा.